वरमाईचे पाय

“जिभीवर ठिव. गिळू नोको. डोये मिट. आता सांग, काय पायजे?”

सासूचा, जनकाबाईचा, हा आवाज गोजरबाईच्या कानात अजून तसाच होता. जनकाबाईला जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, पण आवाज काही गेला नाही. माघ सरत आला, उन्हाला पिवळा रंग चढला आणि कोणाच्या तरी अंगणात उडदाच्या पिठावर मुसळ पडू लागलं, की तो यायचा. दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखा यायचा.

तेव्हा गोजरबाई नवी नवरी होती. लुगडं नेसायचं कसं हेही तिला धड येत नव्हतं. सासूनं पापडाच्या पिठाची बोराएवढी गोळी, म्हणजे लाटी, तिच्या जिभेवर ठेवली. गोजरबाईनं डोळे मिटले. आधी उडीद कळला. मग हिंग कळला, मिरी कळली. आणि सगळे येऊन बसल्यावर, लाजऱ्या पाहुण्यासारखा, मागून हळूच खार आला.

“मीठ बराबर हाये, आत्याबाई. खार चिमूटभर कमी वाटते.”

जनकाबाईनं स्वतः चाखून पाहिलं. मग आपल्या पदरानं सुनेचं तोंड पुसून म्हणाली, “घे माय. आजपासून या गावचे पापड तुह्या जिभीवर.”

आता जानेफळ काही लहान गाव नव्हे, आणि पापडाचा खार काही साधी गोष्ट नव्हे. खार यायचा लोणारच्या सरोवरातून, बाजाराच्या दिवशी, गोणपाटात बांधून. तो एका वर्षी तेज निघायचा, एका वर्षी मवाळ. वाटीनं मोजून टाकावा तर वाटी फसवायची. जास्त झाला तर पापड लाल पडतो, कमी झाला तर फुलत नाही. त्यामुळं पीठ कुटून झालं, की लाटायच्या आधी कोणीतरी जाणती जीभ लागायची. जनकाबाईच्या आधीही तिच्या सासूची जीभ होती म्हणतात. कोणाच्याही अंगणातून हाक यायची, “गोजरमाय वं, लाटी चाखाले ये!” आणि गोजरबाई हातातलं काम टाकून निघायची. ती जाऊन चाखायची, मान हलवायची, आणि मगच बायांची पोळपाटं खाली मांडली जायची. मग गाणं सुरू व्हायचं.

लाटला पापड, खाटंवरी वाळतो,
पुनवेचा चांद माह्या अंगणी खेळतो.

या कामाचं कोणी काही देत नसे आणि कोणी काही मागत नसे. कपाळाला कुंकू लावायचं, पदरात चार लाट्या बांधायच्या, झालं. पण गोजरबाई गल्लीतून चालली की म्हाताऱ्यासुद्धा ओट्यावरून पाय आवरून घेत. तेवढ्यानं तिचं पोट भरायचं.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, त्या सालची ही गोष्ट. गोजरबाईच्या एकुलत्या एका पोराचं, सहदेवचं लग्न ठरलं. मुलगी देऊळगाव राजाची, कोकिळा नावाची. पाहायला गेले तेव्हा मुलीनं ताटात पापड आणून ठेवला होता. गोजरबाईनं तो मोडला, खाल्ला आणि विचारलं, “याचा खार कोणं पाह्यला?” मुलगी खाली मान घालून म्हणाली, “मीच.” गोजरबाईनं मग मुलीचं नाक पाहिलं नाही, डोळे पाहिले नाहीत, सूत कातता येतं का तेही विचारलं नाही.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मुलीची आई रुखमाबाई गोजरबाईला बाजूला घेऊन बसली. बाई देवभोळी, मनानं निर्मळ, पण एका गोष्टीला भ्यालेली.

“राग मानू नका, विहीनबाई,” ती म्हणाली. “माझ्या मोठ्या बहिणीला हत्तीपाय झाला होता. पाय असा खांबासारखा. घराण्यात रोग आहे म्हणून तिच्या लेकी कोणी करीना. ते दुःख मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून विचारते. तुमच्याकडं असलं काही नाही ना?”

“नाही वं माय,” गोजरबाई हसून म्हणाली. “आमच्या घरी पाय फक्त चालाच्या कामाचे.”

तारीख वैशाखातली धरली. सगळं आनंदात पार पडलं.

आणि फाल्गुनात पाय सुजले.

ते कळलं तोड्यांमुळं. वरमाय म्हणून मिरवायचं, तर सासूचे चांदीचे तोडे घालून पाहावे म्हणून गोजरबाईनं ते पेटीतून काढले. डाव्या पायात जाईना. उजव्यातही जाईना. शेवटी नवऱ्याला, उकंडरावला, हाक मारली. उकंडराव मोठा कमी बोलणारा माणूस. त्यानं पायाला तेल लावलं, गुडघ्यावर तिचा पाय घेतला आणि बैलाला नाल ठोकावी तसा जोर लावला.

“अवो, पाय माहा हाये, औताचा नाही!”

उकंडरावनं तोडा बाजूला ठेवला. घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबून पाहिलं. अंगठा काढला तरी तिथं खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत कोंबडीचं पाऊल राहावं तसा. दोघंही त्या खड्ड्याकडं पाहत बसले. तो हळूहळू भरत गेला.

“सुजले,” उकंडराव म्हणाला आणि उठून रांजणाकडं पाणी प्यायला गेला. अलीकडं त्याला पाणी फार लागायचं. जेवण झालं की तांब्यावर तांब्या.

दुसऱ्या दिवशी शेजारची कलाबाई आली. कलाबाईकडं सगळ्या गोष्टींवर उपाय असायचा.

“उन्हानं असंन. एरंडाचं पान शेकून बांध.”

बांधलं.

“वातानं असंन. ईट तापव अन् फडक्यात गुंडाळून शेक.”

शेकलं.

“घेटुळीची भाजी खाय. पाणी उतरते म्हणतात.”

खाल्ली. सूज सकाळी थोडी कमी असायची आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखी. मग एका दुपारी कलाबाईनं आवाज अगदी खाली आणला. “गोजरे, एक बोलू? लग्नात विहीन पाय धुणार हाये तुहे. साऱ्या बायांसमोर. परातीत. हे पाय पाहून थे काय म्हणंन?”

गोजरबाईच्या हातातलं सूप थांबलं.

तिच्या डोक्यात तेच होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला वजन आलं. वरमाईचे पाय धुवायचे, ही रीत कोणाला चुकत नाही. पायांवर लुगडं ओढून लग्न काढता येईल, पण पाय धुताना लुगडं वर घ्यावंच लागतं. हत्तीपाय म्हणून रुखमाबाईनं हात मागं घेतला तर? मांडवातून पोराला परत आणायचं? आणि त्या मुलीला, जिच्या हातच्या पापडाला लोणारचा खार इतका बराबर बसला होता, तिला गमवायचं?

“मेहकरले जातो,” ती म्हणाली. “दवाखान्यात.”

मेहकरच्या दवाखान्यात त्या वर्षी एक डॉक्टरीणबाई आली होती. अमरावतीकडची, अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत. तिनं गोजरबाईला खाटेवर निजवलं. दोन्ही पाय दाबून पाहिले, खड्डा पाहिला. पापण्या ओढून पाहिल्या. छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. हाताला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला. लघवी नळीत घालून दिव्यावर तापवली. गोजरबाईला त्याची फार लाज वाटली. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

“हत्तीपाय तं नाही ना?” तिनं भिंतीलाच विचारलं.

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “हत्तीपाय बहुतेक एका पायाला होतो, मधून मधून ताप येतो, पुढं कातडी जाड होते, दाबलं तर दबत नाही. तुमचे दोन्ही पाय सारखे आणि मऊ आहेत. हृदय चांगलं आहे, लघवीत दोष नाही. रक्ताचा दाब थोडा जास्त आहे. तुमच्या अंगात पाणी साठतंय, आणि ते वजनानं खाली पायात उतरतंय.”

“पाणी तं आमचे हे पेतात. माह्या पायात कसं आलं?”

डॉक्टरीणबाई हसली. “मीठ पाण्याला धरून ठेवतं. मीठ बंद करा. जेवण अळणी. लोणचं, ठेचा, काही नाही. ही गोळी सकाळी घ्या, लघवी जास्त होईल, घाबरू नका. निजताना पायाखाली गोधडीची घडी ठेवा, पाय छातीपेक्षा उंच. एका जागी पाय दुमडून बसू नका, मधून मधून चाला. आणि आठवड्यानं या.”

गोजरबाईनं हे सगळं मनापासून केलं. वरण अळणी, भाजी अळणी, ज्वारीची भाकर तर तशी अळणीच. पहिल्या घासाला तिला वाटलं, आपण माती खाऊन राह्यलो. पण पोराच्या लग्नासाठी माणूस काय करत नाही. निजताना गोधडीवर पाय ठेवून ती वर आढ्याकडं पाहायची. उकंडराव म्हणायचा, “पाय देवाकडं, डोक्षं माह्याकडं. बरं हाये.” त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

आठवडा झाला आणि सूज होती तशीच.

डॉक्टरीणबाईनं पाय दाबला, कपाळाला आठी घातली. “मीठ खरंच सोडलं?”

“लेकाच्या आणनं, बाई. एक कण नाही.”

“गोळी?”

“दररोज. दिवसभर माही वारी परसाकडं.”

डॉक्टरीणबाई विचारात पडली. गोजरबाईला वाईट वाटलं. एवढी शिकलेली पोर, आपल्या पायांपायी तिचं तोंड उतरलं. तिनं पदराची गाठ सोडली. आत पळसाच्या पानात ताज्या लाट्या होत्या, सकाळीच एका घरून आणलेल्या. “घ्या बाई. तेल लावलेल्या हायेत. तुमच्याकडं आता कोण करते?”

डॉक्टरीणबाईनं कौतुकानं एक लाटी तोंडात टाकली. आणि तिचं सगळं तोंड आंबट चिंच चावल्यासारखं आवळलं. तिनं कोपऱ्यातल्या माठाचं पाणी घेतलं, घटघटा प्याली आणि परत आली.

“हे काय आहे?”

“पापडाची लाटी.”

“ती कळली. ही तुम्ही खाता?”

“नाही बाई! खातो कायले? चाखतो फक्त.” गोजरबाईला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. लाटी चाखणं हे खाणं नव्हतंच तिच्या लेखी. ते काम होतं. एकादशीच्या दिवशीसुद्धा ती दहा घरी चाखायची आणि तिचा उपास मोडायचा नाही. जनकाबाईचाही मोडला नव्हता.

“कुठं चाखता?”

“गावात. ज्याच्या घरी पापड, त्याच्या घरी. आता हंगामच हाये. सकाळपासून बोलावणं असते.”

“आणि चाखताना किती घेता? नखाएवढी?”

गोजरबाईनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मग थोडं लांब केलं. मग खरं तेवढं लांब केलं. लिंबू मावेल एवढं.

डॉक्टरीणबाई बराच वेळ हसली. मग उठून तिच्याजवळ येऊन बसली. “माय,” ती म्हणाली, “भाजीतलं चिमूटभर मीठ तुम्ही सोडलं आणि मूठभर मीठ नि खार चाखून आलात. तुमचा आजार पायात नाही, तुमच्या मानात आहे. हंगाम संपेपर्यंत चाखणं बंद.”

“अन् गावचे पापड?”

“चाखून थुंकता येणार नाही?”

“अन्न थुंकू?” गोजरबाईनं कानाला हात लावला.

“मग बंद.”

घरी येताना यष्टीच्या खिडकीशी बसून गोजरबाई बाहेर पाहत राहिली. पळस फुलले होते. एक गोष्ट तिनं डॉक्टरीणबाईला सांगितली नव्हती. कोणालाच सांगितली नव्हती. लाटी बोराएवढीवरून लिंबाएवढी का झाली, ते. दोन वर्षं झाली होती, तिच्या जिभेवर तो लाजरा पाहुणा यायचाच बंद झाला होता. उडीद यायचा, हिंग यायचा, मिरी यायची. मीठ आणि खार मात्र दाराबाहेरच उभे राहायचे. ती मोठा घास घ्यायची, डोळे घट्ट मिटायची, जिभेवर लाटी घोळवायची, आणि थोडं काही लागल्यासारखं वाटलं तर म्हणायची, “अजून चिमूटभर मीठ टाक.” मुलगी पाहायला गेले त्या दिवशी कोकिळेच्या पापडाची चव मात्र लागली होती. का, ते तिला कळलं नाही. बहुतेक त्या दिवशी आनंदच तेवढा होता.

ही जीभ गेली असं गावाला कसं सांगायचं? सासूनं पदरानं पुसून दिलेलं तोंड होतं ते.

म्हणून तिनं एक युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी पाराजवळ बाया जमल्या होत्या, तिथं जाऊन तिनं जाहीर केलं, “पोराचं लग्न लागेपर्यंत म्या मिठाचं व्रत धरलं. मिठाची कोणतीच गोष्ट तोंडात नाही घालाची. लाटीसुद्धा नाही. यंदा तुमचं तुम्हीच पाहा माय.”

तिला वाटलं, आता बाया आडव्या पडतील. म्हणतील, आमच्या पापडाचं कसं होईल? म्हणतील, व्रत पुढं ढकल.

“बरं झालं माय!” कलाबाई पटकन म्हणाली, आणि लगेच पदर तोंडाशी नेला. “म्हणजे, व्रत लय चांगलं. धरच.”

“धरच, धरच,” बाकीच्याही म्हणाल्या. एकीनं तर तिच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

गोजरबाई घरी आली ती थोडी रुसूनच. एवढ्या वर्षांची जीभ, आणि कोणी एका शब्दानं थांबवलं नाही. “पाहून घेईन,” ती चुलीला म्हणाली. “यंदा यांचे पापड लाल पडतीन, मंग येतीन धावत.”

पण कोणी धावत आलं नाही. अंगणाअंगणात पोळपाटं वाजत राहिली, गाणी होत राहिली. आणि गोजरबाईचे पाय उतरू लागले.

आधी सकाळचे उतरले. मग दुपारपर्यंत टिकू लागले. घोट्याची हाडं पुन्हा वर आली, पूर ओसरल्यावर नदीतले दगड वर यावेत तशी. तिनं त्यांच्यावरून हात फिरवला. उजाडताच ती मळ्यापर्यंत चालत जायची आणि येताना हळूच गुणगुणायची. चैत्र संपता संपता एका सकाळी तिनं पेटीतून तोडे काढले. उजवा गेला. डावाही गेला. उकंडराव दाराशी दात घासत उभा होता. तिनं मुद्दाम पाय आपटला. तोडे छन् वाजले. उकंडराव तोंडातल्या फेसासकट हसला.

वैशाखात वऱ्हाड निघालं. यष्टी गच्च भरली. मेहकर आलं, सिंदखेड आलं, पत्रा तापला, रस्ता धुळीचा. वरमाय म्हणून गोजरबाईला पुढची जागा दिली होती. मान मोठा, पण पाय लोंबते. डॉक्टरीणबाईनं मधून मधून चालायला सांगितलं होतं, आणि यष्टीत चालायचं कुठं? देऊळगावी उतरताना तोडे तिच्या घोट्यात रुतले होते. तिनं खाली पाहिलं आणि लुगडं घोट्यांवर ओढून घेतलं.

लग्न गोरज मुहूर्ताचं. त्याआधी मांडवात पायघड्या अंथरल्या, सनई-डफडं वाजू लागलं आणि वरमाईला पाटावर बसवलं. समोर तांब्याची परात, हळदीचं पाणी. रुखमाबाई पदर खोचून खाली बसली. दोन्हीकडच्या बाया दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. मांडवाच्या खांबाशी पुरुषांचा घोळका होता, त्यात फेटा बांधलेला उकंडराव. मुलीकडच्या बायांनी सूर धरला.

वरमाय आली, हिचा पदर भरजरी,
पायघडी थोडकी, हिची पावलं लय भारी.

सगळ्या हसल्या. गोजरबाई सोडून.

रुखमाबाईनं प्रेमानं तिचा उजवा पाय परातीत घेतला. पाणी घातलं. हळद चोळायला अंगठा घोट्याच्या वरून फिरवला, आणि तिथं खड्डा पडला. तिचा हात थांबला. तिनं दुसरा पाय पाहिला. गाणं एकेका बाईच्या तोंडात विझत गेलं. मागं कोणीतरी ‘हत्ती’ म्हणालं आणि तिथंच थांबलं.

“विहीनबाई,” रुखमाबाई हळू म्हणाली. “हे कशामुळं?”

“यष्टीत बसून आली,” गोजरबाई म्हणाली.

“यष्टीत आम्हीपण बसतो हो.” रुखमाबाईनं हात मागं घेतला नाही. पण पुढंही नेला नाही. “मी तुम्हाला विचारलं होतं. माझी एकच लेक आहे. मला खरं सांगा.”

मांडवाच्या आत, दाराच्या पडद्यामागं, हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसत होता. कोकिळेचा. गोजरबाईनं तो पाहिला. ही पोर आयुष्यभर आपल्या चुलीशी बसणार. तिला खोटं सांगून आणायची?

“दाबून पाह्य,” गोजरबाई एकदम म्हणाली. “जोरानं दाब. बोट आत जाते ना? हत्तीपाय असता तं गेलं नसतं. कातडी पाह्य, मऊ हाये. दोन्ही पाय सारखे. मेहकरच्या डॉक्टरीणबाईनं छाती पाह्यली, लघवी पाह्यली, अन् सांगतलं का रोग नाही. हे लाटीनं झालं.”

“लाटीनं?”

“पापडाच्या लाटीनं! साऱ्या गावाचा खार चाखतो मी. हंगामभर मीठच मीठ पोटात. मीठ सोडलं तं पाय उतरले होते, इच्चार माह्या गावच्या बायाले. आज उन्हात पाय लोंबले म्हून जरा आले.”

रुखमाबाई तिच्याकडं पाहत राहिली. तीही पापडवाली बाई. “पण खार चाखायला नखाएवढी लाटी लागते, विहीनबाई. तेवढ्यानं पाय कसे सुजतील?”

गोजरबाईला वाटलं, इथं थांबावं. इतकं पुरे आहे. पण विहिणीचे हात अजून परातीवर अधांतरी होते.

“नखाएवढीनं मले समजत नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला, तरी सगळ्यांना ऐकू गेला. “लिंबाएवढी घ्या लागते. दोन साल झाले, माह्या जिभीची चव गेली. मीठ कळत नाही, खार कळत नाही. मिठाचं व्रतही खोटं होतं. लाज वाटे सांगाची. सासूनं देलेली जीभ होती माय.”

डफडंवालाही थांबला. मग रुखमाबाईच्या खांद्याला हसू फुटलं, तिथून गळ्यात आलं, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर येईपर्यंत ती हसली.

“अगं बाई! जीभ चुकली आणि पायांनी भोगलं!” तिनं दोन्ही पाय परातीत ओढून घेतले आणि अशी चोळून चोळून हळद लावली, की तोडेसुद्धा पिवळे झाले. “आजपासून या पायांना उशी माझी लेक देईल. आणि अळणी भाजीसुद्धा ती अशी करील, की तुम्ही बोटं चाटाल.”

“अन् खारही थेच चाखंन,” गोजरबाई म्हणाली. तिला एकदम हलकं वाटत होतं, सूज पायातून नव्हे, छातीतून उतरल्यासारखं. तिनं पडद्याकडं पाहून मोठ्यानं सांगितलं, “ऐकलं का वं कोकिळे? पुढच्या सालपासून जानेफळाचे पापड तुह्या जिभीवर!”

आणि जानेफळच्या साऱ्या बाया टाळ्या पिटू लागल्या. कलाबाई तर उड्याच मारू लागली. कोणी म्हणे देव पावला, कोणी कोकिळेची दृष्ट काढायला निघाली. डफडं पुन्हा वाजू लागलं.

गोजरबाईनं ओले पाय पाटावर घेतले. तिनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. “थांबा वं,” ती म्हणाली. “एवढ्या खुश काऊन झाल्या तुम्ही?”

बायांतली एक मुंडावळ्या नीट करायला धावली, पण नवरदेव तिथं नव्हताच. दुसरी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहू लागली. कलाबाईनं पदराचा बोळा करून तोंडात घातला, तरी हसू बाहेर येत होतं.

तेव्हा खांबाशी उभा असलेला उकंडराव पुढं आला. त्यानं फेटा नीट केला. साऱ्या बायांच्या मधोमध येऊन त्यानं परातीशेजारचा पाण्याचा तांब्या उचलला, सवयीनं अर्धा पिऊन टाकला, आणि मिशा पुसल्या.

“सहदेवच्या माय,” तो म्हणाला, “दोन साल झाले, साऱ्या गावाचे पापड खारट होऊन राह्यले. पण तुले कोण सांगंन?”